विकतचे खडे

माझ्या सुनेनं तांदळात खडे मिसळले. चार महिने, रोज, माझ्या नाकाखाली. आणि ते खडेही तिनं विकत आणलेले.

हे ऐकलं की बायका लगेच मान हलवतात, सुना असल्याच म्हणून. तर आधीच सांगून ठेवते, ऋतुजा वाईट बाई नाही. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. वाईट माणसाशी कसं वागायचं हे मला पक्कं येतं. हिनं हे माझ्या भल्यासाठी केलं. भल्यासाठी केलेल्याला काय उत्तर द्यायचं, हे मी गेले त्या तिसरीपर्यंतच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

मी राजमती मगदूम, मिरजेची. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आणि तिथं चाळीस वर्षं माझी खानावळ होती. पेशंट खाटेवर पडलेला असतो, नातेवाईक जिन्यात बसलेले असतात. दोघांनाही भूक लागते आणि दोघांचीही जात नाही. त्यांचे डबे मी करायची. छाती उघडलेल्याला मीठ कमी, मूत्रपिंडवाल्याला डाळ बेतानं, टायफॉइडवाल्याला आठ दिवस नुसती पेज. डबा भरलेला परत आला की मी पदर खोचून स्वतः वॉर्डात जायची. "का परत आला?" म्हणून विचारायची. नर्सा मला बघून वाट सोडायच्या.

मग दवाखान्यांनी यंत्रं बसवली. रक्ताचा रिपोर्ट आत, वाटी बाहेर. माणूस नको, खानावळ नको. वर्षभर मी रिकाम्या चुलीपुढं बसून बघितलं, मग अभिनंदन आला आणि पातेल्यांसकट मला पुण्याजवळ मोशीला घेऊन गेला. अभिनंदन माझा मुलगा, एकुलता.

बाविसावा मजला. तिथं स्वयंपाकघर म्हणजे भिंतीतलं कपाट. तोंडानं सांगायचं, ते शिजवतं. फोडणीचा वाससुद्धा बाहेर येत नाही, जेवण आलंय की औषध आलंय कळत नाही. मी दोन महिन्यांत वेडी व्हायची बाकी राहिले. हात रिकामे राहिले की मला खाज सुटते. दिवसातून चौदा वेळा लिफ्टनं खाली जायची आणि वर यायची. खाली वॉचमनसुद्धा नाही, नुसता कॅमेरा. भांडायचं तरी कुणाशी? एकदा ते कपाट फोडणीत काय घालतं हे बघायला मी सांडशीनं त्याची मागची पट्टी उचकटली, तर कंपनीचा माणूस धावत आला.

अभिनंदन म्हणाला, "आई, तू जरा शांत बस गं."

"शांत बसायला मी काय हार घातलेला फोटो आहे?"

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीण घेऊन आला.

शर्वरी तिचं नाव. पोरगीच होती, पण पोरगी हुशार. माझ्याशी बोलताना तिनं आवाज चढवला नाही, नाहीतर म्हातारं माणूस दिसलं की सगळे बहिऱ्याशी बोलल्यासारखे ओरडतात.

ती म्हणाली, "आजी, आपल्यासमोर दिवसभर हजार गोष्टी घडतात. पंखा फिरतो, कुत्रं भुंकतं, दूध उतू जातं. तुम्ही दुधासाठी उठता, पंख्यासाठी उठत नाही. का?"

"कारण पंखा उतू जात नाही."

ती हसली. मग तिनं सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. कपाळाच्या मागं, मेंदूत खोल, एक जागा आहे. आपण जे बघतो, करतो, त्यातल्या एखाद्यावर ती शिक्का मारते, 'हे महत्त्वाचं'. शिक्का आधी पडतो, कारणं आपण मागून शोधतो. काही लोकांना झटका येऊन जातो. हात चालतो, जीभ चालते, पण पुढं ताट ठेवलं तरी घास उचलत नाहीत. आळस नव्हे, त्यांच्या शिक्क्याची शाई वाळलेली असते. अशा लोकांसाठी डॉक्टरांनी कानामागं चिकटवायची एक चकती काढली. ती आवाज सोडते, पण इतका बारीक की कानाला कळत नाही. हाडातून तो बरोबर त्या जागी पोचतो आणि जागा पुन्हा शिक्के मारायला लागते. घास न उचलणारी माणसं चमचा धरायला लागली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, काम सुटलेली म्हातारी माणसंही अशीच वाळत जातात, त्यांना ही का लावू नये?

"बोटात एक अंगठी घालायची," शर्वरी म्हणाली. "हात एका चालीत चालायला लागले की अंगठी ओळखते आणि चकतीला सांगते. चकती त्या कामावर शिक्का मारते. म्हणून काम एका चालीचं हवं. विणणं, माळ ओढणं, निवडणं."

"आणि स्वयंपाक?"

"स्वयंपाकात हात दर मिनिटाला वेगळं काहीतरी करतात आजी. अंगठीला ते धरता येत नाही."

"म्हणजे खोटा शिक्का मारता तुम्ही."

"शिक्का खरा-खोटा नसतो. पडतो किंवा पडत नाही."

तिचं हे वाक्य माझ्या अजून लक्षात आहे.

ऋतुजानं ताट आणून दिलं, तांदूळ आणून दिला. मी चकती लावली, अंगठी घातली आणि निवडायला बसले. आणि बायांनो, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. एकेक खडा दिसला की वाटायचं, हा मी काढला नाही तर कुठंतरी कुणाचा तरी दात तुटेल. गुडघा दुखायचा थांबला. लिफ्ट आठवेनाशी झाली. खानावळीत चाळीस वर्षांत जेवढं समाधान मिळालं नव्हतं, तेवढं एका सकाळी मिळायचं. अभिनंदन कामावर जाताना वाकून बघायचा आणि हसायचा. ऋतुजा घरूनच काम करायची. तिच्यावर मी चार महिने एकदाही तोंड टाकलं नाही. शेजारीण तिला म्हणाली म्हणे, तुझ्या सासूबाई किती गोड आहेत. गोड! मला आयुष्यात कुणी गोड म्हणालं नव्हतं.

घोटाळा टोक्यानं झाला.

टोका म्हणजे तांदळातला काळा किडा, बारीक सोंडेचा. आम्ही जैन. आमच्यात धान्य निवडायचं ते खड्यासाठी कमी आणि या जिवासाठी जास्त. टोका दिसला की चिमटीत न दाबता पानावर घ्यायचा आणि बाहेर सोडायचा. माझी सासू तर टोक्याशी बोलायची, जा बाबा तुझ्या घरी म्हणून. एका सकाळी निवडता निवडता माझ्या मनात आलं, चार महिने झाले, आपल्याला एकही टोका दिसला नाही. अळी नाही, जाळी नाही, भाताचं तूस नाही. नुसते खडे. आणि खडे बघावेत तर सगळे एका मापाचे, गुळगुळीत, भावंडं असल्यासारखे. देवानं असे खडे केलेले नाहीत.

"ऋतुजा, हा तांदूळ कुठला?"

"नेहमीचाच आई. दुकानातून येतो."

"मग यात टोका का नाही?"

तिचा चेहरा पडला. मी चाळीस वर्षं माणसांचे चेहरे वाचलेत. डबा कुत्र्याला घालून 'छान होता' म्हणणारे चेहरे मला लांबून कळतात. ती आत गेली आणि एक पुडी घेऊन आली. पुडीवर हसऱ्या म्हातारीचं चित्र आणि खाली छापलेलं: निवडण्यासाठी खडे, धुतलेले, ज्येष्ठांसाठी सुरक्षित.

"हल्ली तांदूळ स्वच्छच येतो आई. निवडायला काही नसतंच. म्हणून मग..."

"आणि मी निवडलेल्या तांदळाचं काय करतेस?"

ती रडायला लागली. तेव्हाच मला कळलं, पण मी तिच्या तोंडून वदवून घेतलं.

"तोच असतो आई. पाच किलो. संध्याकाळी परत मिसळते."

चार महिने. मी निवडलेला एक दाणा कुणाच्या पोटात गेला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, राजाक्कानं ताट भिरकावलं असेल. तेच तर सांगायचंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चकती लावली आणि त्याच ताटापुढं बसले. सगळं ठाऊक असून. खडा दिसला की तसंच वाटायचं, हा निघायलाच हवा. शर्वरी बरोबर बोलली होती. शिक्का आधी पडतो, ठाऊक असण्या-नसण्याला तो विचारत नाही.

खालच्या मजल्यावर भोईटे तात्या राहतात. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनाही चकती आहे. ते दिवसभर एक पाण्याचा पंप उघडतात आणि जोडतात. त्यांना मी विचारलं, "तात्या, पंप बिघडलाय का?"

"नाही हो अक्का. चांगलाय."

"मग उघडता कशाला?"

तात्यांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "आणि उद्या बिघडला तर?"

मी हसले नाही. मला त्यांचं म्हणणं तंतोतंत पटलं होतं.

पुढं जे झालं ते सांगायला मला जड जातं. पण सांगायचं नसतं तर बसले कशाला.

दुपारची वेळ. मी हॉलमध्ये निवडत होते. ऋतुजा दोन दिवस मलूल होती, ती आतल्या खोलीतून आली आणि सोफ्यावर कलंडली.

"आई, जरा पाणी देता का?"

"एवढं ताट होऊ दे," मी म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा. "आई, उठवत नाहीये हो मला."

"झालंच."

मला ऐकू येत होतं. हे नीट लक्षात घ्या. चकतीनं माझे कान बंद केले नव्हते, पाय बांधले नव्हते. मी उठू शकत होते. फक्त तिचं पाणी मला पंख्यासारखं वाटलं. फिरतोय, फिरू दे. आणि समोरचा खडा उतू चाललेल्या दुधासारखा.

ती भिंत धरून स्वयंपाकघराकडं गेली. आतून काच फुटल्याचा आवाज आला, मग काहीतरी धपकन पडल्याचा. आणि मी काय केलं? मी ताटावर पदर झाकला. काचेचा कण तांदळात यायला नको म्हणून.

अभिनंदनला घरातल्या कॅमेऱ्यानं कळवलं, तो धावत आला. तिच्या कपाळाला खोक पडली होती. मी ताट पुरं केलं.

आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो आणि जेवण झालं की चकती चार्जिंगला लागते. ती मी काढली, डबीत ठेवली आणि सोफ्याकडं बघितलं. कपाळाला पट्टी बांधून माझी सून पडली होती. आणि तिचे डोळे पिवळे होते. हळदीसारखे. मिरजेत असते तर मी तिला दारातून ओळखलं असतं आणि ओरडले असते, अगं कावीळ आहे तुला. ही पोरगी दोन दिवस माझ्यासमोरून फिरत होती.

मी तिच्या पायाशी बसले. ती म्हणाली, "असू दे आई. तुमचा दोष नाही." त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सकाळी मी चकती लावली नाही.

अभिनंदन कामाला निघाला होता. त्यानं माझा कान बघितला. "आई, चकती?"

"नाही लावणार."

"हे बघ, ऋतुजा आजारी आहे. माझ्यात दोन आजारी माणसं सांभाळायची ताकद नाही."

"मी आजारी? अरे अभ्या, तुझी बायको पाणी मागत होती आणि मी विकतचे खडे वेचत होते! आजारी तेव्हा होते मी!"

"चौदा वेळा लिफ्टनं फिरणार का परत? कपाट उचकटणार? तू सुखी होतीस आई. मी बघितलंय. काय वाईट होतं त्यात?"

"तुला काय कळणार? तुझं काम आहे, नोकरी आहे."

तो थांबला. मग त्यानं कानामागचे केस वर केले. तिथं चकती होती, माझ्या चकतीपेक्षा लहान, कातडीच्या रंगाची.

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

तो खाली बसला. माझा मुलगा विमा कंपनीत आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे, हे मी मिरजेत शंभर जणींना सांगितलं असेल. काय करतो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"आजारपणाच्या विम्याचे अर्ज येतात," तो म्हणाला. "कुणाला द्यायचं, कुणाला नाही, ते यंत्र ठरवतं. पण कायदा म्हणतो शेवटी माणसाचं बोट लागलं पाहिजे. ते बोट मी. यंत्राचा निर्णय मान्य, म्हणून हिरवं बटण दाबायचं. दिवसाला नऊशे वेळा. लाल बटणही आहे, अमान्य. पण ते कुणी दाबत नाही. पहिलं वर्ष मी वाचायचो अर्ज. मग उशीर होतो म्हणून बोलणी बसली. मग वाचायचं सोडलं. मग सकाळी उठवेना. तेव्हा कंपनीनं चकती दिली." तो हसला, पण ते हसणं काही बरोबर नव्हतं. "तुझ्या तांदळात खडे ऋतुजा मिसळते हे तुला निदान कळलं तरी. माझ्या तांदळात कोण मिसळतं, मला माहीतसुद्धा नाही."

रविवारी त्याच्या चकतीला सुट्टी असते. आणि रविवारी माझा मुलगा दिवसभर झोपायचा. मला वाटायचं, दमतो बिचारा.

तो गेला. मी हॉलमध्ये उभी राहिले आणि अंगाला मुंग्या आल्या. पाय लिफ्टकडं निघाले. हात ताटाकडं निघाले. डबीतली चकती मला बोलवत होती, हे मी कबूल करते. तेवढ्यात आत ऋतुजाला ओकारी झाली.

कपाटानं तिच्यासाठी वाटी काढली होती. रात्री आणलेला काविळीचा रिपोर्ट घालून, मापून, बिनतेलाची. ती वाटी भरलेलीच बाहेर आली. भरलेली वाटी परत आली की माझं काय होतं ते मी सांगितलंच आहे. मी पदर खोचला. "का परत आली?"

"वास येतो आई. म्हणजे वासच येत नाही. लगदा वाटतो."

ट्रंकेतून माझं पितळी पातेलं आणि विजेची जुनी शेगडी काढली. तो पाच किलो तांदूळ समोरच होता. म्हटलं, निदान आता तरी कुणाच्या पोटात जा. पेज केली. खळ झाली, पोस्टर चिकटवायची. दोन घोट गेले आणि उलटले. दुसऱ्यांदा तांदूळ भाजून केली, सुंठ घातली. तीन घोट. तिसऱ्यांदा ताकातली. नाही. नवा, घासून पांढराफेक केलेला तांदूळ होता तो. आजाऱ्याच्या पेजेला जुना तांदूळ लागतो, कोंड्याचा. मी मालगावच्या माझ्या नणंदेला फोन लावला.

"सुभद्रा, जुना तांदूळ आहे का गं घरात?"

"आहे की वर्षाचा. पण वैनी, टोके झालेत त्याला. तुम्हा पुण्यातल्या लोकांना चालतील का?"

"पाठव," मी म्हणाले. "टोक्यांसकट पाठव."

त्या दिवशी संध्याकाळी मी बसून विचार केला. दिवसभर तीन वेळा पेज केली. गुडघा ठणकत होता, शेगडीनं झटका दिला होता, सुनेवर मी दोनदा ओरडले होते. समाधान? नावालाही नाही. नुसती चिडचिड. आणि मग आठवलं, खानावळीतही असंच होतं! चाळीस वर्षांत मला एक दिवस वाटलं नाही की माझ्या जन्माचं सार्थक होतंय. गॅस संपलाय, डाळ लागलीय, पोळ्यांची बाई आलेली नाही, चार नंबरच्या डब्यात मीठ पडलं की काय, हेच वाटायचं. समाधान माझ्या डोक्यात नव्हतंच कधी. ते त्या जिन्यात बसलेल्या माणसाच्या ताटात असायचं. मी ते बघायलाही थांबत नव्हते, पुढचा डबा भरायचा असायचा.

ही गोष्ट मला चार महिने चकती लावून कळली नाही. तीन पातेली घासून कळली.

शनिवारी तांदूळ आला. रविवारी सकाळी मी अभिनंदनच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"ऊठ. तांदूळ निवडायचाय."

"आई, आज चकती नाही."

"म्हणूनच ऊठ म्हणते."

"कशासाठी पण?"

"तुझ्या बायकोला बारा वाजता पेज लागते. अजून काय पाहिजे?"

आला. मी ताटात तांदूळ ओतला, तपकिरी, कडुनिंबाच्या पाल्याचा, पोत्याचा वास असलेला. तो बसला, आणि पाच मिनिटांत उठला. पाणी प्यायला. परत बसला, परत उठला, फोन बघितला. मांडी हलत होती. खडा सोडून दाणे उचलत होता.

"मला नाही जमत आई. अंगावर काहीतरी चढल्यासारखं होतं."

"माझ्याही अंगावर चढलंय. निवड."

आतून ऋतुजाचा बारीक आवाज आला, "झाली का हो पेज?"

"तुझा नवरा करू देईल तर होईल!"

ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. अभिनंदन खाली मान घालून निवडायला लागला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो एकदम ओरडला, पाच वर्षांचा असताना ओरडायचा तसा.

"आई! हे चालतंय!"

त्याच्या अंगठ्यावर टोका होता. सोंड हलवत नखाकडं निघाला होता.

"मारू नको."

"नाही मारत. काय करू?"

"गॅलरीत सोड. कुंडीत."

हात पुढं धरून, श्वास रोखून तो गॅलरीत गेला, जसं काही पेटता दिवा नेतोय. मोगऱ्याच्या कुंडीशी बराच वेळ वाकून उभा होता. आत आला आणि आपण होऊन ताटापुढं बसला.

"अजून असतील?"

"बघितलंस तर दिसतील."

पेज बारा वाजता झाली नाही. पाऊण वाजला, आणि खालून किंचित लागलीसुद्धा. मी ती आत पाठवली. वाटी परत आली. रिकामी.

सोमवारी सकाळी तो आरशापुढं उभा होता, चकती चिमटीत धरून. लाव म्हणणारी मी कोण आणि नको म्हणणारी तरी कोण? त्या समाधानाची गोडी मी चाखलेली आहे. त्यानं ती डबीत टाकली आणि डबी खिशात घातली. मला तेवढंच दिसलं.

दिवसभर मी दाराकडं बघत होते. ऋतुजाही. ती आता उशीला टेकून बसायला लागली होती. दिवस मावळायच्या जरा आधी तो आला. बूट न काढताच हॉलमधून गॅलरीपर्यंत गेला, परत आला, परत गेला.

"काय झालं रे?"

"आज नऊशे झाले नाहीत. चाळीसच झाले." त्याचा आवाज चढलेला होता. "वाचत बसलो. एक अर्ज होता, लातूरच्या एका म्हातारीचा. कमरेचं ऑपरेशन. यंत्र म्हणतं, द्यायचं नाही, आजार जुना आहे. आणि आई, आतल्या कागदात सरळ लिहिलंय, ती जिन्यावरून पडली! गेल्या महिन्यात! यंत्रानं दुसऱ्याच बाईचा रिपोर्ट जोडलाय. मी लाल बटण दाबलं. यंत्रानं तीनदा विचारलं, नक्की का? तीनदा दाबलं."

ऋतुजा म्हणाली, "मग साहेब काय म्हणाले?"

"उद्या सकाळी बोलावलंय." तो पुन्हा गॅलरीकडं वळला. "नोकरी राहील का माहीत नाही. पण तीन वर्षांत असे किती गेले असतील गं? मी रोज नऊशे... आई, मी किती जणांना..."

चकतीची डबी त्याच्या खिशात होती, वरून हात ठेवून तो ती चाचपत होता. एक चकती लावली असती तर हे सगळं क्षणात पंख्यासारखं झालं असतं. मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

मी ताट वाढलं. जुन्या तांदळाचा भात, मुगाचं वरण, बाजूला लिंबाची फोड.

"ये, जेव. दिवस मावळतोय."

तो बसला. भराभर चार घास खाल्ले. एका हातानं जेवत होता आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी गुडघ्यावर टकटक वाजवत होता. मांडी हलत होती, इतकी की पाण्याचं भांडं थरथरत होतं. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं.

मी त्याला आणखी एक पळी वरण वाढलं. शांत बस म्हटलं नाही.